फुंकणी माझी, वाहवा कैलासची

आमच्या काचेच्या स्टुडिओत किस्से फुटक्या काचेसारखे साठतात. फेकवत नाहीत आणि पायात रुततात. माझ्या पायात रुतलेले सगळे कैलासचे! पुण्याच्या प्रदर्शनाला स्टुडिओतून दरवर्षी एकच नग जातो. बारा वर्षं फुंकणी फुंकतोय, माझा एकदाही गेला नाही. हा तीन वर्षांत दोनदा जाऊन आला.

* * *

कैलास कन्नड तालुक्यातला. पहिल्याच दिवशी एसटीतून बियरच्या रिकाम्या बाटल्यांचं पोतं घेऊन आला. कंडक्टरनं पोत्याचं तिकीट फाडलं, वर सल्ला दिला, "सोड बाबा, लई वाईट व्यसन!"

"पियाच्या नाय, वितळवायच्या हायत," कैलास म्हणाला.

स्टुडिओच्या मालकीण मॅडम हा किस्सा येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. मी कशानं आलो होतो, कुणी विचारलं नाही.

* * *

भट्टी बारा महिने पेटलेली. कैलास म्हणाला, "मॅडम, सगळ्यांचं महिन्याचं काम सलग पंधरा दिवसांत उरकू, मग भट्टी बंद. गॅस वाचंल."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "तुला कसं रे सुचलं नाही?"

"सुचलं होतं. तुम्ही म्हणालात, ही काय गावाकडची चूल आहे का?"

कैलास खाली बघून हसला. हसू दे!

* * *

मग मीही इरेला पेटलो. आपली विकतची पांढरी, म्हणजे बिनरंगी काच आणि त्याच्या हिरव्या बाटल्या एकत्र करून फुलदाणी केली. संध्याकाळी काय देखणी दिसत होती! सकाळी गार करायची पेटी उघडली, तर उभी चीर.

"दादा, दोन घरची काच एकत्र नांदत नाय. एक जास्त आकसती, एक कमी."

राग चिरेचा नव्हता. हे त्याला मीच शिकवलं होतं!

* * *

यंदा मी नुसत्या पांढऱ्या काचेची सुरई केली. बारा वर्षांतलं माझं सगळ्यात चांगलं काम. मॅडमनी फिरवून बघितली. "छान आहे. कैलासचं काय चाललंय?"

मी सुरई उचलली आणि भंगाराच्या पिंपात आपटली! कैलास बाजूलाच उभा होता. त्यानं पिंपात वाकून एकेक तुकडा वेचून घेतला.

पंधरा दिवसांनी त्याचा वाडगा पुण्याला जायचा ठरला. नग निवडायला आलेल्या बाईंनी तो उजेडात धरला. "भंगारातून एवढी नितळ काच? कुठून आणलीस?"

कैलासनं माझ्याकडं बोट केलं.

"दादांच्या रागातनं."