दगडीपाला

"तण कुणाला म्हंता? नाव न्हाई व्हय तिला?" असं म्हणत ती खुरपं जमिनीत रोवायची आणि कमरेवर हात ठेवायची. समोर कोण उभं आहे, हे ती बघायची नाही.

नव्वदच्या दशकात मी न्हावऱ्याजवळच्या एका रोपवाटिकेत मुकादम होतो. ती खुरपणीला यायची. एकदा बरोबरच्या बाईच्या पायाला विळा लागला. मी प्रथमोपचाराची पेटी आणली. तिच्यात कात्री आणि मेलेलं झुरळ निघालं. तोवर हिने पाण्याच्या टाकीजवळचा पाला तळहातावर चोळून जखमेवर पिळला होता. रक्त थांबलं. लांब दांड्यावर एकच बारीक फूल येणारी ती साधी वनस्पती.

"दगडीपाला म्हंत्यात हिला," ती म्हणाली. त्या दिवसापासून टाकीजवळचा तो तुकडा तिने कुणाला खुरपू दिला नाही.

मग साहेब तपासणीला आले. "हे तण उपटा." तिने नकार दिला. साहेब माझ्याकडे वळले, "उद्यापासून हिला बोलवायचं नाही."

मी "हो साहेब" म्हणालो.

"मुकादम, तुमीबी?" ती एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि फाटकाबाहेर बसली. तिच्या शेजारी बाकीच्या सहाजणीही बसल्या. चैत्राचं ऊन. एकटा पाणी घालून मी थकलो; रोपं माना टाकू लागली. तिसऱ्या दिवशी साहेब आले. रोपांकडे बघून म्हणाले, "चला, घ्या सगळ्यांना आत."

ती उठली नाही. "आन् पाला?"

"राहू दे तो पाला."

"नुसता पाला न्हवं. नाव घ्या."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "दगडीपाला," ते पुटपुटले. तेव्हा कुठं बाया उठल्या.

महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. एकदा पत्र्याने माझं बोट कापलं, तेव्हा न बोलवता आली. "झोंबंल. गप बसा," म्हणत तिने रस पिळला. मला माफी मागायची होती; जमलं नाही.

पुढे काही वर्षांनी लेक तिला दौंडला घेऊन गेली. मी शिरूरच्या स्टँडवर सोडायला गेलो होतो. एसटीत खिडकीजवळच्या जागेवर कुणीतरी बाहेरूनच रुमाल टाकून ठेवला होता. तिने तो उचलला, नीट घडी घातली, धावत आलेल्या माणसाच्या हातात दिला आणि ऐसपैस बसली. तो माणूस तोंड उघडून उभाच. गाडी हलली, तेव्हा खिडकीतून ती मला बघून हसली.

पुन्हा भेट झाली नाही.