सहा वाट्यांतलं भात

पेण पोलीस ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता तेव्हाची एक चौकशी निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही.

खाडीकाठी कृषी विद्यापीठाचं एक छोटं संशोधन केंद्र होतं. तिथल्या शास्त्रज्ञ मॅडम एका सकाळी तक्रार अर्ज घेऊन आल्या. खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या एका जुन्या भाताच्या लोंब्या कोणीतरी कापून नेल्या होत्या. ओंजळभर भातासाठी ठाण्यात यायचं, याचं मला नवल वाटलं. त्या म्हणाल्या, "साहेब, हे बी दुसरीकडे कुठंच उरलेलं नाही. कोणी कांडून खाल्लं, तर संपलं."

दोन दिवसांनी खबर लागली. धाटावला कंपनीत शिफ्ट करणाऱ्या एका कामगाराने वडखळ नाक्यावर एक म्हातारी पाहिली होती. तिच्या पाटीतल्या लोंब्यांवर कागदी पिशव्या होत्या. वाणांची सरमिसळ होऊ नये म्हणून लोंब्यांना अशा पिशव्या केंद्रातच बांधत.

हवालदार तिला सुनेसह आणि घरात सापडलेल्या लोंब्यांसह घेऊन आला. उभं आयुष्य भातशेतीत आणि मिठागरात काढलेली बाई. मी विचारलं, "आजी, लोंब्या कोणी कापल्या?"

"मीच कापल्या. पन चोरी नाय केली. माझ्या सासूचं भात हाय ते. बांध फुटला, खारं पानी घरात शिरलं, साठवलेलं बियानं वाहून गेलं. केंद्रातलं शेत दाखवाय आमा गाववाल्यांना नेलं व्हतं, तवा वलखलं."

सबबी मी पुष्कळ ऐकल्या होत्या. मॅडमना सांगून सहा वाट्यांत सहा जातींचं भात मागवलं, एकीत त्या लोंब्यांतले दाणे, चिठ्ठी एकीवरही नाही. मला सगळे दाणे सारखेच दिसत होते. म्हातारीने प्रत्येक वाटीतले दाणे तळहातावर घोळवले, एखादा दाताखाली धरला आणि पाचव्या वाटीवर बोट ठेवलं. मॅडमनी यादी पाहिली आणि तोच वाण असल्याचं सांगितलं. मी वाट्यांची जागा बदलली. तिने पुन्हा तीच वाटी उचलली.

दुपारी मॅडमनी केंद्रातून जुनं रजिस्टर आणलं. विद्यापीठ नवं होतं तेव्हा तिथली माणसं बांधाबांधाने फिरून वाण गोळा करत आणि देणाऱ्याचं नाव लिहून ठेवत. केंद्रात आता त्या वाणाला नुसता नंबर होता. रजिस्टरात त्या नंबरापुढे म्हातारीचं गाव होतं आणि तिने जबाबात सांगितलेलं सासूचं नाव. मी ते वाचून दाखवलं.

"तिचं नाव लिवलंय?" एवढंच ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

लोंब्या तिने बियाण्यासाठी आढ्याला टांगल्या होत्या, एकही दाणा सांडला नव्हता. मॅडमनी लेखी जबाब देऊन अर्ज मागे घेतला आणि अर्ध्या लोंब्या तिलाच दिल्या.

पुरावा कागदावर असतो, असा माझा समज होता. माणसाच्या हातालाही इतकं आठवतं, हे मला त्या दिवशी कळलं. ती निघाली तेव्हा मी खुर्चीतून उठून ठाण्याच्या पायरीपर्यंत तिला सोडायला गेलो. चौकशीला आणलेल्या कोणाला सोडायला मी त्याआधी कधी गेलो नव्हतो.