तीन धारांच्या निवडुंगाचं पिवळं फूल

हे मी आजवर कुणाला — अगदी बायकोलाही — सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही. चैन पडत नाही, एवढंच.

अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, ते दिवस. अख्खं अकोला कापसामागे वेडं — आमचा साहेब तेवढा झाडांमागे. फांदी-फूल वाळवायचं, कागदावर चिकटवायचं, जात ठरवून विलायतेला पाठवायचं. मी त्याचा दुभाषा. झाडं शोधायचा किसन माळी.

हिवरखेडच्या एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, किसनला तीन धारांचा, वेलासारखा चढणारा निवडुंग सापडला. फूल रात्री उमलायचं, उजाडता मान टाकायचं. साहेब तापाने पडलेला. त्याने मला बजावलं — जागा राहा, उमललेलं फूल खूड, जात त्यावरच ठरेल. आणि मी? झोपलो. किसन दोनदा उठवायला आला. "पंडितजी, चाला ना, फूल उमलून राहिलं." धुऱ्यावर साप असतात... मी कूस बदलली. खुडायचं काम माझं, म्हणून त्याने फुलाला हात लावला नाही.

सकाळी फुलाचा नुसता लगदा. शेजारच्या फड्या निवडुंगावर मात्र पिवळं फूल टवटवीत होतं. तेच तोडून तीन धारांच्या फांदीशी चिकटवलं. कुणाला कळणार होतं?

साहेब हरखला — नवी जात! पण किसनने कागद पाहिला. "हे फूल त्याचं नाई. त्याचं पांढरंफेक असते, माह्या डोयानं पाह्यलं." त्याने बेलभंडार उचलला. याहून मोठी शपथ आपल्याकडे नाही. साहेबाने मला विचारलं, हा काय म्हणतोय?

मी — सांगतोच आता — मी इंग्रजीत म्हणालो, 'त्या रात्री तो दारू पिऊन झोपला होता, फूल त्याने पाहिलंच नाही, अशी देवापुढे कबुली देतोय.'

किसनला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. मी बोलत होतो आणि तो विश्वासाने मान डोलवत होता. साहेबाने त्याला त्याच दिवशी हाकललं.

पुढे मी अमरावतीला आलो. किसन दरसाल यायचा. अंगणात त्या निवडुंगाची फांदी त्यानेच लावली. माझ्या लेकरांना सांगायचा, "साहेबानं आयकलं नाई. पण तुमच्या बाबानं माह्यी बाजू मांडली."

मरेपर्यंत तो हेच सांगत राहिला. मी शेजारीच बसलेला असायचो.