मेन गेटचे रोकडे

दामोदर रोकडे कोणालाही 'या' म्हणण्याआधी 'थांबा' म्हणत. बदलापूरला बेलवलीतल्या इमारतीत मी राहायला गेलो, त्या दिवशी सामानाचा टेम्पो फाटकाशी पोचला आणि कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला एक उंच गृहस्थ तळहात पुढे करून आडवा उभा राहिला.

"थांबा. सामानात काय?"

"पुस्तकं. जुनी वर्तमानपत्रं," मी म्हटलं.

त्याने ड्रायव्हरच्या तोंडातल्या विडीकडे पाहिलं. "आत कागद आणि पुढे विडी. आधी ती विझवा."

ड्रायव्हरने विडी विझवली. मी या माणसाला वॉचमन समजलो. तो तळमजल्यावरचा रहिवासी होता, आणि मी काही बोलायच्या आत माझ्या कपाटाची एक बाजू उचलून तो जिना चढू लागला होता.

रोकडे हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले होते. हवाई दल म्हटलं की लोक लगेच विचारत, "म्हणजे विमान चालवायचात?" यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "विमान उडवणारा एक, त्याची देखभाल करणारे दहा आणि त्या अकराही जणांना गेटवर थांबवणारा मी." हवाई दलाला स्वतःचे पोलीस असतात, हे इमारतीत कोणाला माहीत नव्हतं. तळावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पास तपासणं, उभ्या विमानांवर पहारा, गाड्यांचा वेग, जवानांचे वाढलेले केस, डोक्यावर नसलेली टोपी, सगळं त्यांच्या कक्षेत. शिस्त मोडणाऱ्यावर लेखी आरोप ठेवला जाई. त्याला ते 'चार्ज लावणं' म्हणत. ही शाखा इंग्रजांच्या काळापासूनची, असं ते सांगत. तेव्हाची विमानं लाकूड आणि कापडाची. त्यांच्या प्रशिक्षणातला उस्ताद म्हणायचा, की शत्रूच्या तोफेपेक्षा आपल्याच माणसाच्या खिशातली काडेपेटी वाईट. टेम्पोवाल्याच्या विडीचं मूळ तिथे होतं.

ती भारनियमनाची वर्षं होती. संध्याकाळी वीज गेली की रोकडे शिट्टी घेऊन बेलवलीच्या चौकात उभे राहत. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. एकदा एक रिक्षावाला ओरडला, "काका, बाजू व्हा ना! इथे काय विमान उतरणारे का?"

"उतरलं तर तुझ्या रिक्षावर नको उतरायला. थांब तिथेच," रोकडे म्हणाले. तो थांबला. मागच्या सहा रिक्षाही थांबल्या आणि त्या संध्याकाळी चौकात प्रथमच पादचाऱ्यांनी रस्ता चालत ओलांडला, पळत नाही.

घरात मात्र त्यांचं फार चालत नसे. पत्नी शोभाताई बाजारातून आल्या की ते सवयीने विचारत, "पिशवीत काय?" शोभाताई पिशवी त्यांच्या हातात देत. "भेंडी. निवडून ठेवा, मग कळेल."

त्यांची मुलगी सुजाता उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या फर्निचरच्या दुकानात हिशेब पाहायची. तिथेच राहुल भालेराव नावाचा मुलगा कामाला होता. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. दोन्ही घरं बौद्ध, दोन्हीकडची माणसं नोकरदार. हरकत घ्यायला कोणाला जागा नव्हती. मुलाचे वडीलही हवाई दलातलेच, विमानांचे फिटर, हे कळल्यावर तर रोकडे खूश झाले. बोलणी करायला ते सहकुटुंब अंबरनाथला निघाले. शेजारी म्हणून मला घेतलं. शेठ मध्यस्थ म्हणून थेट दुकानातून आले.

दार शांताराम भालेराव यांनी उघडलं. हसतमुख, गोलसर गृहस्थ. रोकड्यांना पाहताच त्यांचं हसू जागीच मावळलं.

"मेन गेट?" ते म्हणाले.

रोकड्यांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "भालेराव. सायकल. लॅम्प नव्हता."

"लॅम्प होता!"

"नव्हता."

आम्ही सगळे अजून दाराबाहेरच होतो.

पोहे समोर आले तेव्हा हकिगत कळली. दोघे तरुणपणी एकाच तळावर होते. भालेरावांचं नुकतंच लग्न झालेलं. बायको पहिल्यांदाच गावाहून येत होती. तिला आणायला ते अंधार पडल्यावर सायकलने स्टेशनकडे निघाले. मेन गेटच्या चढावर रोकड्यांनी थांबवलं, दिव्याशिवाय सायकल चालवल्याचा चार्ज लावला आणि गार्डरूममध्ये बसवून ठेवलं. इकडे नवी नवरी अनोळखी स्टेशनवर ट्रंकेवर बसून राहिली.

"रडून रडून माझं काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं," मुलाची आई विमलताई म्हणाल्या. "हमाल विचारत होते, बाई, कोण गेलं?"

भालेरावांची बाजू सोपी होती. सायकलला डायनॅमो होता. चाक फिरेल तोवर दिवा जळतो, चाक थांबलं की विझतो. "यांनी मला थांबवलं म्हणून दिवा विझला, आणि दिवा नाही म्हणून यांनीच चार्ज लावला! मला सोयरिकीत अडथळा आणायचा नाही. यांनी फक्त एवढंच म्हणावं, चूक झाली."

सगळे रोकड्यांकडे पाहू लागले.

"मी मुलीचा बाप आहे. पाया पडा म्हणालात तर पडतो," रोकडे म्हणाले. "पण दिवा आधीपासूनच बंद होता. मी पाहिलं होतं."

"पप्पा, म्हणून टाका ना!" सुजाताचा आवाज चढला. "एका लॅम्पसाठी?"

"खोटं बोलून तुला या घरात पाठवू? मग रोज यांच्यासमोर कोणत्या तोंडाने येऊ?"

"मग नकाच येऊ!" सुजाता म्हणाली आणि रडायला लागली. राहुल पाण्याचा पेला घेऊन उभा राहिला. तो कोणाला द्यायचा ते त्याला ठरवता येईना. भालेराव खिडकीबाहेर पाहत होते. विमलताईंनी पोह्यांच्या बशा उचलायला घेतल्या. त्या उचलण्यातच बैठक संपल्याचा अर्थ होता.

शेठ तेवढ्यात बोलले. "साईं, भांडता कशाला? आपण सोफा विकतो तर गिऱ्हाईक बसून बघतो का नाही? तुम्ही पण ट्रायल घ्या ना."

ही सूचना इतकी वेडगळ होती की दोघांनीही ती लगेच मान्य केली.

खालच्या पाववाल्याच्या सायकलला अजून डायनॅमो होता. इमारतीसमोर चढाचा रस्ता होता. दिवेलागणीच्या सुमारास नेहमीप्रमाणे वीज गेली आणि आसपासच्या इमारतींमधले लोक गॅलरीत आले. रोकडे चढाच्या टोकाला उभे राहिले. पायथ्याशी भालेरावांनी पँटचे पाय मोज्यात खोचले. पाववाला सारखा म्हणत होता, "अंकल, टोकरी पकड के! उसमें माल है!"

भालेराव निघाले. दिवा लागला. गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या. "दिसतोय का, मेन गेट?" ते खालून ओरडले.

"दिसतोय!" रोकड्यांनी वरून प्रामाणिकपणे कळवलं.

सायकल चढाला लागली. वेग कमी झाला. भालेराव सीटवरून उठून पॅडल मारू लागले, आणि दिवा गेला. गॅलऱ्या गप्प झाल्या. अंधारातून फक्त साखळीचा आवाज आणि भालेरावांचा श्वास वर येत राहिला. रोकड्यांनी तळहात पुढे केला. भालेराव थांबले, धापा टाकत म्हणाले, "बघा! जळत होता की नाही?"

"आजोबा, मधेच बंद झाला!" वरून एक मुलगी ओरडली.

भालेरावांनी वाकून पाहिलं. डायनॅमो चाकापासून बाजूला झालेला होता. तो त्यांच्याच टाचेने झाला होता आणि त्यांना पत्ता नव्हता.

विमलताईंना मात्र होता. "चढ आला की यांची टाच तिकडे जातेच! डायनॅमोने सायकल जड जाते ना. मी मागे बसायचे तेव्हाही हे आधी तो काढायचे," त्या म्हणाल्या आणि थबकल्या. "अहो, म्हणजे त्या दिवशी मी ट्रंकेवर बसले ते तुमच्या टाचेमुळे? आणि इतकी वर्षं मी या भल्या माणसाला शिव्या घालतेय?"

पहिल्यांदा शेठ हसले. मग गॅलऱ्या हसल्या. शोभाताईंनी पदर तोंडावर धरला. भालेराव सायकलवरून उतरले, टाचा जुळवून उभे राहिले आणि मान खाली घालून म्हणाले, "डायनॅमो मीच काढला होता."

रोकड्यांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "ठीक आहे. जा. पुन्हा असा सापडू नकोस."

"अहो, व्याही आहेत ते!" शोभाताई किंचाळल्या. आता भालेरावही हसू लागले. हसता हसता त्यांना उभं राहवेना. सायकल आडवी झाली आणि पाव चढावरून घरंगळत निघाले. सुजाता आणि राहुल ते गोळा करायला धावले. लग्न ठरलं, हे वेगळं कोणी बोललं नाही.

एकटे रोकडे हसत नव्हते. ते विमलताईंसमोर जाऊन उभे राहिले.

"ताई, स्टेशनवर कोणी वाट बघतंय का, हे मी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी चार्ज लावलाच असता. पण तुम्हाला आणायला जीप पाठवली असती."

लग्न बदलापूरच्या एका सभागृहात होतं. त्या दिवशी सकाळी रोकडे भाड्याची जीप घेऊन अंबरनाथला गेले; मी बरोबर होतो. वऱ्हाडाची बस वेगळी होती. जीप फक्त विमलताईंसाठी होती. पांढऱ्या साडीतल्या विमलताई खाली आल्या तेव्हा रोकडे दार उघडून सावधान उभे होते.

"उशीर झाला, ताई," ते म्हणाले.

"फारच," विमलताई म्हणाल्या आणि आपली जड बॅग त्यांच्या हातात देऊन पुढच्या सीटवर चढून बसल्या.