शेपटीनं टांगलेले बोंबील

आधी हिरामावशीचं नाव लिहिते, मग बाकीचं. समुद्रकाठच्या पाली गावात मी कामाला आहे, त्या घराच्या शेजारी राहते. ती नसती तर मी पहिल्याच आठवड्यात हिंगोलीला परत गेले असते.

भूतबाधा, अंगात येणं... मी कधी मानलं नाही. शाळा सातवीत सुटली, पण डोकं जाग्यावर आहे. तरी हे मला अजून उलगडत नाही.

मी कामाला आले तेव्हा त्या घरातल्या आजी न्यूमोनियानं आयसीयूत होत्या. तोंडात श्वासाची नळी, शुद्ध नाही. त्यांचा मुलगा-सून, म्हणजे दादा-वहिनी, हॉस्पिटलात. म्हणून घर बघायला मी. आजींनी मला पाहिलंच नव्हतं.

एका सकाळी वहिनी जाता जाता म्हणाल्या, "बोंबील आलेत, वाळत टाक गो." आमच्या हिंगोलीकडे मासे कोण वाळवतं! मी एकेकाची शेपटी सुतळीनं बांधली, अंगणातला आडवा बांबू भरला. हिरामावशीनं बघितलं आणि हसत खालीच बसली.

"अगो बाय, तोरण लावलंस काय?"

मला रडूच आलं. आता कामावरून काढतील...

"रडू नको. कोणाला सांगत न्हाय मी."

दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूवर टाकायची, हे तिनं शिकवलं. वहिनी यायच्या आत दोघींनी सगळे परत लावले.

पुढे आजींची नळी निघाली. मी डबा घेऊन गेले, तर माझ्याकडे टक लावून घोगऱ्या आवाजात म्हणतात, "हीच ती. शेपटीनं टांगणारी."

"आई, ही सुनीता, नवीन—" दादा सांगायला लागले.

"म्हाईत हाय. हिरा हसली, ही रडली."

डॉक्टर म्हणाले, आयसीयूत पेशंटला भास होतात. होत असतील... पण माझीच चूक कशी दिसेल? हिरामावशी शपथेवर सांगते, ती हॉस्पिटलात गेलीच नाही.

आजी घरी आल्या त्या पायांच्या काड्या घेऊन. पाण्याचा ग्लासही दोन हातांनी धरायच्या. दादा म्हणाले, "स्वतःचं स्वतः करता आलं तर इथं राहा. नाहीतर घर बंद करून मीरा रोडच्या फ्लॅटवर चल." व्यायामाचं नाव काढलं की आजी भिंतीकडे तोंड करायच्या.

शेवटी मला राहवेना. "आजी, तुम्ही बघितलंत कुठून?"

"चल, दाखवते."

वॉकर धरून, थांबत थांबत बाहेर आल्या. अंगणातल्या मासेमारीच्या जाळ्यांच्या ढिगाशेजारी उभ्या राहिल्या. "इथं होते. तू बाजूनं गेलीस, हाक पण न्हाय मारलीस!" मग त्यांची नजर बांबूवर गेली. "अजून ढिलेच लावतेस गो." स्वतः दोन बोंबील घेतले. बोटं थरथरत होती, जबडे सुटत होते. पण जोडी बसली... तेव्हापासून रोज बाहेर यायला लागल्या.

आता आंघोळ, चहा सगळं स्वतः करतात. फ्लॅटचा विषय बंद झालाय. मलाच धास्ती वाटत होती, आता माझं काय? तर म्हणाल्या, "तुला नीट टांगता येईपर्यंत कुठं जातेस?"

त्या दिवशी जाळ्यांपाशी कोण उभं होतं, ते मात्र अजून कळलेलं नाही. मी आता तिथून जाताना हळूच "आजी" म्हणते.

हिरामावशीनं अजूनही वहिनींना काही सांगितलेलं नाही. एक दिवस तिला हिंगोलीला नेणार आहे, शिजवलेली हळद वाळत घालायला. ती चुकणारच. मी पोटभर हसेन, मग कोणी यायच्या आत तिच्याबरोबर सगळी परत पसरेन.