आईचं कोपर

बाबा क्रेन चालवतात. झोपेत त्यांचा श्वास अडकतो आणि आई कोपर मारून तो सुरू करते. बाबा म्हणतात, ही झोपेतही भांडते.

झोपेच्या तपासणीला बाबांच्या अंगभर तारा चिकटवल्या, पण शेजारच्या खाटेवरून आई ढोसतच राहिली. रिपोर्ट नॉर्मल आला. कॅमेऱ्यात कोपर दिसल्यावर डॉक्टर वैतागले.

दुसऱ्या खेपेला आम्हा दोघींना काचेबाहेर, टेक्निशियन बाईंशेजारी बसवलं. "त्यांना उठवायचं नाही. श्वास अडकला तरच मशीनला कळेल," त्यांनी बजावलं.

पडद्यावरची श्वासाची रेघ सपाट झाली. आईचं कोपर खुर्चीत रुतलं. रेघ हलेना. आई उठली, मी तिला धरून खाली बसवलं. बाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "काकू, तुम्ही तरी श्वास घ्या."