दुसरं पातं

माझा मामा हट्टी आहे असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. हट्टी माणूस निदान थकल्यावर तरी ऐकतो. मामा थकला की आणखी मोठ्याने बोलतो.

तो शिवणकामाच्या कात्र्या करतो. भट्टीत पोलाद तापवायचं, ऐरणीवर ठोकायचं, चाकावर घासायचं. आमच्या गल्लीत एके काळी तीस भट्ट्या होत्या, पुढे चार उरल्या. गल्लीत त्याला कानसेन म्हणतात. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण कात्री कानाशी धरून उघडली-मिटली की तिची सगळी कुंडली सांगतो. चांगली कात्री मुळापासून टोकापर्यंत एकसारखी सरसरत मिटते. मध्ये खरखरली किंवा टोकाला खटकली की मामा म्हणतो, "परत." चांगली असली की काहीच म्हणत नाही, टोपलीत टाकतो. 'छान झाली' हे दोन शब्द त्याच्या तोंडून मी तरी कधी ऐकलेले नव्हते. आणि मी लहानपणापासून त्याच घरात वाढले.

हे 'परत' असतं मामीसाठी. दोन पाती सरळ असून भागत नाही. दोघांना किंचित बाक लागतो, म्हणजे मिटताना ती एका वेळी एकाच ठिकाणी भेटतात आणि ती जागा पुढे सरकत जाते. हा बाक द्यायचा, खिळा बसवायचा, छोट्या हातोडीने टिचक्या मारत पाती एकमेकांशी जुळवायची, ही झाली जोडणी. चाळीस वर्षं मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून मामी ती करते. छाप मात्र मामाचा. गल्लीची रीतच तशी आहे: भट्टीपाशी उभा राहणारा वरच्या पात्यावर, लोखंड लाल असताना, आपला छाप उठवतो. खालचं पातं कोरं. का कोरं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मला नको तिथे नाक खुपसायची सवय आहे.

मी कपड्यांच्या कारखान्यात कापणी विभाग सांभाळते. आमचे शर्ट जहाजाने बाहेरदेशी जातात. त्या जहाजांनी परत येताना रिकामं का यावं? चार वर्षांपूर्वी त्यातून निळ्या मुठींच्या कात्र्या आल्या, मामाच्या कात्रीच्या एक तृतीयांश किमतीला. पहिल्या वर्षी गल्ली हसली. दुसऱ्या वर्षी भट्ट्या विझायला लागल्या. तिसऱ्या वर्षी कारागीर संघाने सरकारकडे अर्ज केला की बाहेरच्या कात्र्यांवर जबर कर लावा, आणि सोबत ठरावही केला: गल्लीतल्या कोणीही निळ्या मुठीच्या कात्रीला धार लावायची नाही, हातसुद्धा लावायचा नाही. ठराव मांडला कोणी? मामानेच.

तेव्हापासून आमच्या घरी रोज जेवताना आंतरराष्ट्रीय परिषद भरायची.

"स्वस्त, स्वस्त काय करतेस?" मामा म्हणायचा. "भट्टी एकदा विझली की विझली. हे कसब पुस्तकात लिहिलेलं नाही. आज सगळे कारागीर संपू देत, मग बघ ते कसे भाव चढवतात. तेव्हा कोणाकडे जाशील?"

"आणि आपण त्यांच्या कात्र्यांवर कर लावला की ते आमच्या शर्टांवर लावतील, त्याचं काय? आमच्या कारखान्यात सहाशे बायका आहेत, मामा. तुमच्या गल्लीत चार भट्ट्या."

"म्हणजे चार माणसं मेली तरी चालतील?"

"मी तसं म्हटलं का? आणि तुझं पोलाद कुठून येतं रे? जहाजातूनच ना?"

"पोलाद येऊ दे. कात्री नको."

"वा! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!"

"हो! तसंच!" असं म्हणून तो ताटावरून उठायचा. मामी त्याच्या ताटातलं उरलेलं झाकून ठेवायची, कारण पाव तासाने तो परत येऊन जेवणार हे तिला ठाऊक असायचं.

खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच भांडण संपत नव्हतं. एवढं मात्र नक्की होतं की कर लागला नाही तर पुढच्या वर्षअखेरीला मामाची भट्टी विझणार.

आता माझं पाप सांगते. त्या निळ्या कात्र्यांनी आमच्या कापणीतल्या मुलींचे अंगठे सोलून निघत होते. पाती चांगली होती, पण मिटताना अडायची, मग जोर लावावा लागायचा. एकदा एकीच्या अंगठ्यातून रक्त आलं, पांढऱ्या कापडावर डाग पडला आणि तिची मजुरी कापली गेली. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, मामा संघाच्या सभेला गेलेला बघून, तिची कात्री मी मामीपुढे ठेवली.

मामीने ती उघडली, मिटली, खिडकीकडे धरून पाहिली. "धातू बरा आहे गं," ती म्हणाली. "फक्त कोणी मन लावून जोडलेली नाही." आणि हातोडी घेतली.

"अगं, पण ठराव..."

"ठराव त्यांनी केलाय. मला कोणी हात वर करायला सांगितलं होतं?"

त्यानंतर आठ महिने, दर सभेच्या दुपारी, मी डब्याच्या पिशवीतून कात्र्या न्यायचे आणि आणायचे. मुली जे देतील त्यावर घर चालायचं. मामाला वाटायचं, जुन्या गिऱ्हाइकांचे पैसे येताहेत. मी हसायचे आणि विषय बदलायचे.

शेवटी सुनावणीचा दिवस आला. सरकारी कचेरीतली लांबलचक खोली, खिडक्यांना धुळीची जाळी, मधे मोठं टेबल. टेबलामागे चौकशी अधिकारी बाई, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या. एका बाजूला संघाचे अध्यक्ष आणि मामा. दुसऱ्या बाजूला कात्र्या आणणारा व्यापारी आणि आमच्या कारखान्याचा व्यवस्थापक. कामगारांच्या वतीने त्याने मला ओढून नेलं होतं. मामाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि छताकडे पाहत बसला.

व्यापारी म्हणाला, दोन्ही कात्र्यांत काही फरक नाही, मग लोकांनी जास्त पैसे का द्यावेत? त्यावर अध्यक्ष उसळून उठले. "फरक नाही? आमच्या कानसेनांचे डोळे बांधा. पाच कात्र्या मागे नुसत्या मिटून दाखवा. देशी कोणती, परदेशी कोणती, ते सांगतील!"

बाईंना गंमत वाटली असावी. त्यांनी होकार दिला. व्यापाऱ्याने दोन नव्या कात्र्या दिल्या, अध्यक्षांनी दोन. पाचवी आमच्या व्यवस्थापकाने पिशवीतून काढली. निळी मूठ, तिला गुंडाळलेली चिंधी. माझ्याच टेबलावरून उचललेली, मामीने जोडलेली! ओरडावं तर पंचाईत, गप्प बसावं तर पंचाईत.

कारकुनाने मामाच्या मागे उभं राहून पहिली मिटली.

"बाहेरची," मामा म्हणाला. बरोबर. दुसरी. "बाहेरची, आणि खिळा ढिला." बरोबर. तिसरी. "ही अध्यक्षांची. साहेब, तेल घाला हो तिला." सगळे हसले. चौथी त्याने गल्लीतल्या म्हाताऱ्या भट्टीवाल्याची म्हणून ओळखली, तीही बरोबर. अध्यक्ष लग्नातल्या वरबापासारखे ऐटीत बसले होते.

पाचवी सरसरत मिटली. मामाचा चेहरा एकदम उजळला. "पुन्हा," तो म्हणाला. कारकुनाने पुन्हा मिटली. "ही माझी. डोळे कशाला बांधलेत? झोपेतसुद्धा ओळखेन. ही माझ्या घरातली आहे."

मग व्यापारी खो खो हसला. मामाने पट्टी काढली आणि टेबलावर निळी मूठ पाहिली.

त्याचा तो चेहरा मी विसरणार नाही. माझ्यामुळे झालं ते, हेही विसरणार नाही.

"चूक झाली ना आजोबा?" अधिकारी बाई हळूच म्हणाल्या.

मामाने कात्री उचलली. खिळ्याजवळच्या हातोडीच्या बारीक खुणांवरून अंगठा फिरवला. मग पात्याचा बाक पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि त्याला सगळं कळलं.

'हो, चूक झाली' असं म्हणून तो सुटू शकला असता. म्हातारा झाला, कान गेले, असं लोक म्हणाले असते. घरातलं घरात राहिलं असतं.

"चूक नाही झाली," तो म्हणाला. "पातं त्यांचं आहे. जोडणी माझ्या बायकोची."

अध्यक्ष ओरडले, "अहो, ठराव!"

"ठराव मीच मांडला होता, माहीत आहे मला. नाव काढा माझं. बाई, तुम्ही एवढं लिहून घ्या. ही कात्री जहाजातून उतरली तेव्हा अर्धी होती. पुरी इथे झाली. ते अर्धी वस्तू अर्ध्या भावात विकतात आणि लोकांना वाटतं स्वस्त पडली. उरलेली किंमत या पोरींचे अंगठे देतात."

"मग कर लावावा की लावू नये?"

मामाने हातातली कात्री एकदा उघडली, मिटली. "सकाळी आलो तेव्हा ठाम सांगितलं असतं," तो म्हणाला. "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं आहे हे. माझी भट्टी जगावी असं मला वाटतं. फार वाटतं. पण हिच्या सहाशे बायकांना मारून नाही. ते तुम्ही ठरवा, तुम्ही शिकलेल्या आहात."

घरी जाताना तो माझ्या चार पावलं पुढे चालला. मामी खिडकीपाशी बसली होती. त्याने ती कात्री तिच्यापुढे ठेवली.

"मला न सांगता?" त्याचा आवाज फाटला. "चाळीस वर्षांत एक गोष्ट लपवली नाहीस, आणि ही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात," मामी म्हणाली. "मग मी ऐकलं नसतं. मग तुम्ही जेवला नसतात. कशाला ते सगळं?"

तो मागे वळला आणि भट्टीजवळच्या ओट्यावर जाऊन बसला. तिथे बसून तो रडला, चांगला ढसाढसा. मामी उठली नाही. मी उठायला लागले तर तिने माझा हात धरला.

अध्यक्षांनी संघाच्या फळ्यावरून मामाचं नाव पुसलं. चार महिन्यांनी निकाल लागला: कर लागला, पण भट्टी वाचावी एवढा जास्त नाही आणि व्यापाऱ्याने कुरकुर सोडावी एवढा कमीही नाही. निकालाची प्रत मी मामाला वाचून दाखवली. त्यात एक ओळ होती: 'साक्षीदाराने परदेशी कात्री स्वतःची म्हणून ओळखली, सबब साक्ष ग्राह्य धरता येत नाही.'

"एवढंच?" मामा म्हणाला. "जोडणीचं लिहिलंय का?"

"नाही."

"तिचं?"

"नाही रे."

"मी सांगितलं होतं लिहून घ्या म्हणून." तो उठला आणि अंगणात गेला.

वर्षअखेरीला कोळशाचं शेवटचं पोतं उरलं. मामाने भट्टी पेटवली आणि एकच कात्री करायला घेतली. वरचं पातं लाल झालं तेव्हा नेहमीसारखा छाप उठवला. मग खालचं पातं भट्टीत घातलं, लाल होऊन बाहेर आलं आणि त्याने खिशातून दुसरा ठसा काढला. तो त्याने कधी कोरला होता कोण जाणे. छोटी हातोडी होती त्यावर, मामीची. त्याने एक घाव घातला आणि पातं पाण्यात सोडलं.

घासून झाल्यावर दोन्ही पाती त्याने मामीपुढे ठेवली. तिने खालचं पातं खिडकीकडे धरलं. बराच वेळ धरलं. मग बाक दिला, खिळा बसवला, टिचक्या मारल्या आणि कात्री त्याच्याकडे दिली.

मामाने ती कानाशी धरली, मिटली. "परत," तो म्हणाला.

"आज तरी!" मी ओरडले.

"आज तर नक्कीच. दोघांचे छाप आहेत तिच्यावर."

मामीने आणखी एक टिचकी मारली. त्याने पुन्हा मिटून ऐकलं. टोपलीकडे हात नेला, तिथेच थांबला, आणि मामीकडे न बघता म्हणाला, "छान झाली."

मामीने पदराने हातोडी पुसली आणि डबीत ठेवली.

"एवढं म्हणायला," ती म्हणाली, "तुम्हाला बाहेरून कात्री यावी लागली."